रिठ्याच्या पाण्यातलं धुणं : नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा रिठे आणले तेव्हा मी पाच-सहा अख्खे रिठे बियांसकट एका जुन्या मोज्यात घातले, गाठ मारली आणि मोजा मशीनमध्ये टाकून दिला. गार पाणी, अर्धा तास. कपडे बाहेर आले ते नुसते ओले होऊन. कॉलरी होत्या तशाच. मोज्याची गाठ सुटून बिया ड्रममध्ये खडखडत होत्या ते वेगळंच. संध्याकाळी डिटर्जंटचा डबा गुपचूप पुन्हा खाली काढला.

यात रिठ्याची चूक नव्हती. माझी होती, आणि एक नव्हे तर तीन-चार चुका एकदम होत्या. त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. रिठा हा डिटर्जंटला सरसकट पर्याय नाही. काही कपड्यांना तो डिटर्जंटपेक्षा कितीतरी चांगला, रोजच्या बऱ्याचशा कपड्यांना पुरेसा, आणि काही कपड्यांपुढे अगदीच दुबळा. कुठला कपडा कुठल्या ढिगात टाकायचा हे कळलं की निम्मं काम झालं.

रिठ्याचं संस्कृतातलं एक नाव ‘फेनिल’, म्हणजे फेस येणारा. शास्त्रीय नाव सॅपिंडस, तेही लॅटिनमधल्या ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या शब्दांवरून आलेलं. त्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, त्यामुळे मळ कपड्यावरून सुटून पाण्यात येतो. साबणही हेच करतो, फक्त जास्त जोरात.

काय काय लागेल

- सुके रिठे : चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण अर्धा किलो
- बत्ता किंवा वरवंटा
- मोठं पातेलं, शक्यतो स्टीलचं. भरायचं अर्धंच, कारण उकळताना फेस वर येतो
- जुनं मलमल किंवा सुती धोतराचा तुकडा, गाळायला
- दोन-तीन बाटल्या आणि बर्फाचा एक ट्रे (हा पुन्हा सरबताला वापरायचा नाही)
- दोन लिंबं किंवा चमचाभर सायट्रिक ॲसिड
- धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचाच
- मऊ ब्रश

1. रिठे बघून घ्या

किराणा दुकानातही मिळतात, पण काष्ठौषधींच्या दुकानात माल ताजा असतो. पुण्यात मंडईच्या, रविवार पेठेच्या बाजूला अशी दुकानं आहेत. तुमच्या गावातही जुन्या बाजारपेठेत एखादं असेलच. बाजारात दोन जातींचे रिठे येतात. उत्तरेकडचा, हिमालयाच्या पायथ्याचा रिठा गोल, सुटा आणि पिवळसर तपकिरी असतो. आपल्याकडच्या, कोकणातल्या आणि दख्खनच्या झाडाची फळं दोन-तीन एकमेकांना चिकटल्यासारखी येतात. दोन्ही चालतात.

टरफल सुरकुतलेलं, किंचित चिकट आणि चकचकीत हवं. कोळशासारखं काळं पडलेलं, भुगा होणारं किंवा बुरशीचा वास येणारं घेऊ नका. खात्री करायची असेल तर एक टरफल वाटीभर कोमट पाण्यात टाकून पाच मिनिटांनी बोटांनी चोळा. दाट, बारीक फेस आला तर माल चांगला.

तयार रिठा पावडर मात्र घेऊ नका. एक तर तिच्यात काय मिसळलंय ते दिसत नाही. दुसरं म्हणजे ती पूर्ण गाळली जात नाही आणि काळ्या कपड्यांवर तिचे कण राहतात. डबा उघडला की शिंकांनी जीव जातो तो आणखी वेगळा. याच कारणाने रिठे घरी मिक्सरला लावायचे नाहीत. ती धूळ डोळ्यांत गेली तर फार झोंबते.

तुमच्या आसपास झाड असेल तर फळं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तयार होतात. खाली पडलेली गोळा करून आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवा. फुकटचे रिठे मिळण्यात जो आनंद आहे, तो पिशवी घेऊन झाडाखाली वाकल्याशिवाय कळायचा नाही.

2. बिया काढून टाका

बीमध्ये फेसाचं काही नसतं. बी काळी, गुळगुळीत, टणक असते आणि पातेल्यात नुसती जागा खाते. रिठा सुका असेल तर बत्त्याच्या एका हलक्या ठोक्याने फुटतो. पावसाळ्यात मात्र टरफलं दमट होऊन चिकट खजुरासारखी होतात आणि बत्त्यालाच चिकटून बसतात. अशा वेळी तासभर उन्हात किंवा गरम तव्याशेजारी ठेवा आणि मग फोडा. मी महिन्याचे रिठे एकदाच फोडून बरणीत भरते. टीव्ही बघता बघता होणारं काम आहे.

3. अर्क काढा

माझ्या पहिल्या फजितीचं मुख्य कारण इथे आहे. गार पाण्यात अर्ध्या तासात टरफलातून फारसं काही उतरतच नाही. कोमट पाण्यात उतरतं, रात्रभर भिजवून उकळल्यावर भरपूर उतरतं. त्यामुळे पिशवीत रिठे घालून मशीनमध्ये टाकायची पद्धत मी सोडली आणि अर्कच करून ठेवायला लागले.

100 ग्रॅम टरफलं दीड लिटर पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर 15-20 मिनिटं उकळा. गॅसपासून हलू नका. दूध उतू जातं तसंच हेही उतू जातं, आणि दुधापेक्षा जास्त चिवटपणे शेगडीला बसतं. गार झालं की हाताने टरफलं चांगली कुस्करा आणि कापडातून घट्ट पिळून गाळा. चोथ्यात पुन्हा अर्धा लिटर पाणी घालून दहा मिनिटं उकळा, गाळा, पहिल्यात मिसळा. सगळा मिळून दीड लिटरच्या आसपास तपकिरी अर्क मिळतो.

गाळण्यात आळस नको. चहाच्या गाळण्याने भागत नाही. बारीक कण राहिले की मशीनच्या जाळीत अडकतात.

वासाबद्दल आधीच सांगून ठेवते. उकळताना घरभर आंबूस, थोडा व्हिनेगरसारखा वास सुटतो. कपड्यांना तो राहत नाही. खरं तर कपड्यांना कसलाच वास राहत नाही, आणि पहिले काही दिवस तेच चुकल्यासारखं वाटतं.

4. अर्क टिकवा

यात टिकवणारं काही नसतं, त्यामुळे हा अर्क वरणासारखा नासतो. उन्हाळ्यात बाहेर ठेवला तर दोन दिवसांत आंबायला लागतो. मी एकदा बाटली घट्ट झाकण लावून मोरीच्या फळीवर विसरले. पाचव्या दिवशी झाकण उघडलं ते उडालंच, आणि तो वास पुढे दोन दिवस मोरीतून गेला नाही.

लिटरला एका लिंबाचा रस किंवा अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड घातलं तर नासणं थोडं लांबतं, पण फ्रिज लागतोच. फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस चालतो. त्याहून सोपं म्हणजे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरून ठेवा. महिनाभर चिंता नाही.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. आमच्याकडे भाच्याने कोकम सरबत समजून एक घोट घेतला होता. रिठा इतका कडू की घोट तसाच बाहेर आला, म्हणून निभावलं. पोटात गेला तर उलट्या, जुलाब होतात. लहान मुलं असतील तर फ्रिजमध्ये सगळ्यात वरचा कप्पा.

5. कपड्यांचे तीन ढीग करा

पहिला ढीग रिठ्याच्या हक्काचा : रेशीम, लोकर, शाली, गडद रंगाचे सुती कपडे, हातमागाच्या साड्या, ओढण्या. दुसरा ढीग रोजचा : घामाचे शर्ट, कुर्ते, घरात घालायचे कपडे, चादरी, अभ्रे. हे रिठ्याने व्यवस्थित निघतात, फक्त कॉलर आणि बाह्यांना जरा हात लावावा लागतो. तिसरा ढीग : स्वयंपाकघरातली ओशट फडकी, पायपुसणी, चिखलाचे मोजे, गाडीच्या ग्रीसचे कपडे, आजारी माणसाची अंथरुणं. इथे एकट्या रिठ्यावर विसंबू नका. मी नाही विसंबत.

6. रोजचं धुणं

मशीनमध्ये पाच-सहा किलो कपड्यांना 100 मिली अर्क घालते. वड्या असतील तर पाच-सहा, आधी कपभर गरम पाण्यात विरघळवून थेट ड्रममध्ये. पाणी 40 अंशांचं ठेवा. फेस फारसा दिसणार नाही, आणि दिसला तरी लगेच बसेल. आपल्याला फेस म्हणजे स्वच्छता अशी सवय लागलीय, म्हणून हात आणखी अर्क ओतायला जातो. आवरा. जास्त अर्क घातला तर फिकट कपड्यांवर तपकिरी झाक बसते. तुमची मशीन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत घरगुती द्रवांबद्दल काय लिहिलंय तेही आधी वाचून घ्या.

बादलीत धुणार असाल तर अर्धी बादली कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे अर्क घाला, हाताने ढवळा, कपडे अर्धा तास बुडवून ठेवा. कॉलर, बाह्या आणि काखेची शिवण यांना अर्क तसाच, पाणी न घालता लावून मऊ ब्रशने घासा. मग खळबळून दोन पाण्यांतून काढा. साबणाला तीन-चार पाणी लागायची, इथे दोनात काम होतं. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्यांना यातलं सुख वेगळं सांगायला नको.

बोअरच्या जड पाण्याबद्दल बरेच जण विचारतात. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कपड्यांवर पांढरट साका बसतो. तो प्रकार रिठ्याच्या बाबतीत होत नाही. पण जड पाणी मळ सोडत नाही ही अडचण उरतेच, तेव्हा भिजवण्याचा वेळ वाढवा.

7. ओशट, मळकट कपड्यांचं काय करायचं

रिठ्याचं पाणी किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतं. तेलाचा चिकटपणा तोडायला खार, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ (अल्कली) लागतो. म्हणून हे काम दोन पायऱ्यांत करा. अर्धी बादली गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा आणि कपडे तासभर भिजवा. ते पाणी ओतून द्या, कपडे एकदा खळबळा, मग रिठ्यात टाका. सोडा आणि रिठा एकाच बादलीत एकदम घालण्यात फायदा नाही.

सोडा वनस्पतीजन्य नाही, हे कबूल. ज्यांना तोही नको त्यांच्यासाठी जुना उपाय राखेचा. लाकडाची किंवा गोवऱ्यांची राख चाळून बादलीत घ्या, चौपट पाणी घाला, रात्रभर बसू द्या आणि सकाळी वरचं निवळ पाणी न हलवता काढून घ्या. खेड्यात चूल असेल तर हा खार रोज फुकट मिळतो. फ्लॅटमध्ये राख आणायची कुठून, हा प्रश्न आहेच. कचऱ्याच्या, प्लॅस्टिक जाळलेल्या राखेला हात लावू नका. आणि सोडा असो की राखेचं पाणी, हातमोजे घाला. कातडी सोलवटते. रेशीम-लोकरीच्या जवळ दोन्ही नेऊ नका.

8. रेशीम आणि लोकर

इथे रिठ्याला तोड नाही. रेशीम आणि लोकर हे प्राणिज धागे, त्यांना खाराने इजा होते. रिठा आम्लधर्मी असल्याने धागा खरबरीत होत नाही. काश्मीरमध्ये पश्मिना शाली रिठ्याने धुतात, आणि आपल्याकडेही जुन्या बायकांनी रेशमी लुगड्यांना साबण लागू दिला नाही.

पद्धत अशी. आधी रंग जातो का ते पाहा. पदराच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर ती साडी घरी धुवायची नाही, विषय संपला. नसेल लागला तर टबभर साध्या पाण्यात दोन चमचे अर्क घालून साडी पाच मिनिटं बुडवा, वरखाली करा, दोन पाण्यांतून काढा. पिळायचं नाही. मोठ्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबा. सावलीत, उलट्या बाजूने वाळवा. स्वेटर दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने हातभर लांब होतो. खाटेवर आडवा पसरा.

माझ्याकडे आईची एक इरकल आहे. तिच्या निऱ्यांच्या घडीवर वर्षानुवर्षांच्या साबणाने पांढुरका फराटा उठला होता. दोन-तीन रिठ्याच्या धुण्यांनंतर कापड हाताला पुन्हा मऊ लागायला लागलं. फराटा गेला नाही, थोडा मंदावला. जरीची भारी पैठणी मात्र प्रयोगाला काढू नका. पहिले प्रयोग जुन्या ओढणीवर.

9. पांढरे कपडे आणि हळदीचे डाग

महिना-दोन महिन्यांनी पांढरे शर्ट पिवळट दिसायला लागतील आणि घरातले तुमच्याकडे बघायला लागतील. तो सगळा मळ नसतो. बाजारच्या डिटर्जंटमध्ये चमक आणणारं द्रव्य असतं. ते उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर उजेड परत टाकतं, म्हणून कपडा शुभ्र दिसतो. ते द्रव्य हळूहळू धुऊन जातं आणि सुताचा मूळ रंग वर येतो. उपाय तीन : कडक ऊन, शेवटच्या पाण्यात लिंबाचा रस, किंवा थोडी नीळ. ऑफिसचे पांढरे शर्ट मी सरळ डिटर्जंटनेच धुते.

लिंबू, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड आणि ब्लीच यांची गाठ कधीही पडू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

हळदीची गंमत बघा. वरणाचा पिवळा डाग साबणाने घासला की लालभडक होतो आणि आपण घाबरतो. हळद खारात लाल होते, म्हणून तसं होतं. रिठ्यात तो पिवळाच राहतो. वरचं तेल रिठ्याने काढा, राहिलेल्या पिवळेपणासाठी कपडा दोन दिवस भर उन्हात वाळत घाला. ऊन हळदीचा रंग खाऊन टाकतं.

पावसाळ्यात मात्र ऊनच नसतं. जुलैत दोन-दोन दिवस न वाळणाऱ्या टॉवेलना कुबट वास येतो आणि तो घालवणं रिठ्याच्या आवाक्यात नाही. त्या दोन-तीन महिन्यांत टॉवेल आणि अंतर्वस्त्रं मी गरम पाण्यात डिटर्जंटनेच धुते. याची लाज वाटायचं कारण नाही.

10. शिकेकाई, हिंगणबेट, बायोएंझाइम

शिकेकाई चालते, पण रंग सोडते. गडद रेशमाला ठीक. हिंगणबेटाच्या फळाच्या गरालाही फेस येतो. जिथे झाड दारात आहे तिथे वापरून बघायला हरकत नाही. लिंबू-संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी 3:1:10 या प्रमाणात तीन महिने मुरवून केलेलं बायोएंझाइम फरशीला उत्तम. कपड्यांना त्याने विशेष काही होत नाही, असं माझं मत झालंय. करणार असाल तर पहिला महिना बाटलीचं झाकण रोज सैल करा, नाहीतर माझ्या मोरीसारखी गत होईल.

11. धुण्याचं पाणी कुठे ओताल

‘नैसर्गिक आहे, कुठेही ओता’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मी ऐकलं होतं. गच्चीत कमळाचा टब होता, डासांसाठी त्यात गप्पी मासे सोडले होते. पाणी वाया का घालवा म्हणून दुपारी पहिल्या धुण्याची अर्धी बादली त्यात ओतली. संध्याकाळी मासे पोट वर करून तरंगत होते, एकूण एक. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करतं. मासे पकडायला पाण्यात अशा फळांचा चेचा टाकण्याची रीत जुनीच आहे, हे मला नंतर कळलं.

तेव्हा तळं, विहीर, ओढा, माशांची टाकी यांपासून हे पाणी लांब ठेवा. नदीवर जाऊन रिठ्याने धुणंही नको. झाडांना घालायचं असेल तर दुसऱ्या खळबळीचं पातळ पाणी, तेही मोठ्या झाडांना आणि आलटून पालटून. सोड्याचं पाणी कुंडीत अजिबात नाही.

12. चोथा टाकू नका

दोनदा उकळलेल्या चोथ्यात थोडा फेस उरलेला असतो. सराफ दागिने रिठ्याच्याच पाण्यात धुतात. त्यावरून मी चोथा चांदीचं निरांजन आणि पैंजणांसाठी ठेवते. कोमट पाण्यात चोथा कालवून दहा मिनिटं बुडवायचं, जुन्या टूथब्रशने नक्षीतून फिरवायचं. खोल काळेपणा जात नाही, वरचा तेला-धुराचा थर सुटतो. मोत्याच्या, लाखेच्या दागिन्यांना हे करू नका. त्यानंतर चोथा पिळून, वाळवून कंपोस्टमध्ये. बिया मी एका डब्यात साठवतेय. डबा आता निम्मा भरलाय, कुणाला रोपं करायची असतील तर मागून न्या. बी फार टणक असते, कानशीने थोडी घासून दोन दिवस पाण्यात ठेवल्याशिवाय पेरू नका.